गळाचा दोरा : रुईच्या वाखापासून गोफापर्यंत

वेदगंगेचा पूर ओसरला की यमगर्णीच्या पुलाखाली जाऊन पाण्याची रेघ कुठवर आली ते पाहायची मला सवय आहे. निपाणीकरांना हा पूल वेगळा सांगायला नको. २०१९ आणि २०२१ साली इथंच पाणी रस्त्यावर आलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशाच एका फेरीत काठच्या बाभळींवर अडकलेला कचरा पाहत होतो. चिंध्या, पिशव्या, उसाचा पाला आणि या सगळ्यात गुरफटलेला दोरा. सवयीप्रमाणं थोडा कापून पिशवीत टाकला आणि घरी टेबलावर पसरून वेगळा केला.

चार प्रकार निघाले. दोन जाडीचं तंगूस, म्हणजे आपला एकसंध नायलॉनचा गळाचा दोरा. जाळ्याचा तीन पेडांचा वळलेला नायलॉन. आणि चौथा एक हिरवा, केसासारखा बारीक, भिंगाखाली वेणी घातल्यासारखा दिसणारा. सुती दोरा एकही नव्हता. तागाचा तर प्रश्नच नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकायला हवं. या नदीत माणूस शेकडो वर्षं गळ टाकतोय. पण त्या जुन्या दोऱ्याचा वीतभर तुकडाही आपल्या हाती नाही, आणि गेल्या तीसेक वर्षांतला दोरा मात्र झाडावर लोंबतोय. जुना कुजला, नवा कुजत नाही. आज रीळवर कोणता दोरा भरावा हा प्रश्न दुकानात सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर या फरकातच आहे असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

गळ आणि गाळ

सुरुवात शब्दापासून. मराठीत गळ, कन्नडमध्ये गाळ. आपल्या भागात भोई असो की अंबिग, शब्द जवळपास एकच आणि वस्तूही तीच. भाषेची सीमा इथं एका मात्रेपुरतीच आहे.

गळाने मासे धरण्याविषयीचं सगळ्यात तपशीलवार जुनं लिखाणही आपल्यापासून फार लांब झालेलं नाही. कल्याणच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११३० च्या आसपासचा. कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या काळी आपला बेळगाव-सौंदत्तीचा मुलूख चालुक्यांचे मांडलिक असलेल्या रट्टांकडे होता. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, एकूण शंभर. चौथा भाग राजाच्या करमणुकींचा, आणि त्यात एक अध्याय 'मत्स्यविनोद'. कोणता मासा कुठं राहतो, कोणत्या माशाला कसलं आमिष, गळाने तो कसा धरायचा, हे सगळं त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून तो अभ्यासकांपुढं आणला. हाच ग्रंथ महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असंही सांगतो, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. मत्स्यविनोदाकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं.

रुईचा वाख

यंत्रानं बनवलेला दोरा येण्यापूर्वी दोरा म्हणजे झाडाची साल. आपल्याकडे ताग, अंबाडी, घायपात, कापूस आणि रुई. यातली रुई आज फक्त शनिवारी मारुतीच्या गळ्यात दिसते. पण दोऱ्याच्या बाबतीत तिचा मान फार मोठा होता. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मद्रास इलाख्यात निरनिराळ्या झाडांच्या धाग्यांचे दोर सारख्या मापाचे करून तोडून पाहिले. रुईचा दोर साधारण साडेपाचशे पौंडांना तुटला. ताग चारशेला, कापूस साडेतीनशेच्या आसपास, अंबाडी तीनशेच्या आत आणि काथ्या सव्वादोनशेला. पंचवीस-तीस वर्षं कारखान्यात ताणचाचण्या पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं वाटेना. बांधावरचं निरुपयोगी झुडूप पहिल्या नंबरात!

धनुष्याची दोरी आणि गळाचा दोरा या दोन्ही कामांना रुई वापरली जायची, ती उगाच नाही. दोन्हीकडे अचानक हिसका बसतो. मग सगळ्यांनी रुईच का नाही वापरली? कारण मेहनत. ताग पाण्यात कुजवला की वाख सुटून येतो. रुईच्या फांद्या उन्हात वाळवून साल हाताने सोलावी लागते, आणि दिवसभरात हाती मूठभर वाख येतो. म्हणजे ताकद, मेहनत आणि पैसा यांचा हिशेब तेव्हाही होता. जाळ्याला ताग आणि सूत, गळाला जमलं तर रुई.

हे धागे पाण्यात कुजायचे. सूत ओलं झालं की उलट थोडं मजबूत होतं, पण ओलं राहिलं तर आठवड्या-पंधरवड्यात जिवाणू ते खाऊन टाकतात. म्हणून जाळी आणि दोरे बाभळीच्या किंवा ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून घ्यायची रीत होती. कातडं कमावतात तसंच हे. तरीही दर हंगामाला दोरा नवा करावा लागे. खडकात अडकून तुटला तर नदीत राहिलेला तुकडा पुढच्या पावसाळ्यापर्यंत मातीत गेलेला असे.

पीळ

एक धागा कमजोर, म्हणून अनेक धागे एकत्र वळायचे. हा पीळ. सुतळी, चऱ्हाट, कासरा, मोटेचा नाडा ही सगळी पिळाची घराणी. युक्ती अशी की पेड एका दिशेला पिळायचा आणि तीन पेड एकत्र करताना उलट दिशेला. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. दोर वळणाऱ्या कारागिराला हे शाळेत शिकावं लागलं नाही, पण यंत्रशास्त्राच्या पुस्तकातलं समतोलाचं तत्त्व तेच आहे.

पिळाचा दोष मात्र जन्माचा. त्याला दिशा असते. ओढ बसली की तो उलगडायला पाहतो, सैल सोडला की स्वतःभोवती गुंडाळतो. बैलाचा कासरा सैल पडल्यावर त्यात आट्या पडतात, तसंच. बांबूच्या काठीला बांधलेल्या वाव-दोन वाव दोऱ्याला याचा त्रास नव्हता. चाक आलं तेव्हा त्रास सुरू झाला.

बेळगावचा किल्ला १८१८ साली मन्रोने घेतला आणि पुढे इथं छावणी वसली. इंग्रज अधिकारी शिकारीबरोबर मासेमारीचेही शौकीन. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कॅनरातल्या अनुभवावर 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली काढलं. पुढची अनेक वर्षं हिंदुस्थानातल्या गोऱ्या गळवाल्यांचं ते प्रमाण पुस्तक होतं. याच थॉमसने जाळी, विष आणि बांध यांनी नद्यांतले मासे कसे संपताहेत, यावरही सरकारला अहवाल दिला होता. १८९७ च्या कायद्याने सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला बंदी आली.

या लोकांच्या रीळवर विणलेल्या रेशमाचा, तेल मुरवलेला दोरा असे. रेशीम बारीक, गुळगुळीत आणि मजबूत, पण ओलं झालं की कमजोर पडतं. संध्याकाळी बंगल्यावर परतल्यावर सगळा दोरा रीळवरून सोडवून व्हरांड्यात वाळवायचा, हा नेम. बेळगावच्या जून-जुलैच्या पावसात तो कितपत वाळत असेल, याची कल्पना शहापूर-वडगावच्या विणकराला विचारावी.

धोट्यातली कांडी

विणकरांचं नाव मी उगाच घेतलं नाही. आज जे रीळ आपण 'स्पिनिंग रीळ' म्हणून विकत घेतो, त्याचा जन्म सूतगिरणीच्या जगातला आहे. जुन्या रीळमध्ये दोरा सोडताना चाक फिरायचं. फेक जोरात असली की चाक दोऱ्यापेक्षा जास्त फिरून गुंता व्हायचा. हलकं आमिष तर लांब जायचंच नाही, कारण ते जड चाक फिरवायला ताकद पुरत नसे. १९०५ साली इंग्लंडात आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने एका नव्या रीळचं पेटंट घेतलं. हा माणूस ब्रॅडफर्ड भागातल्या लोकरीच्या गिरण्यांच्या घराण्यातला. त्याच्या रीळमध्ये दोरा सुटताना स्पूल फिरतच नाही. दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळी सुटत निघून जातो.

आता धोटा डोळ्यांपुढं आणा. धोट्यात कांडी घट्ट बसवलेली असते. धोटा या बाजूहून त्या बाजूला जातो तेव्हा कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. तत्त्व तेच. वडगाव, शहापूर, इचलकरंजीच्या प्रत्येक मागावर ही गोष्ट रोज हजारो वेळा घडत होती. 

पण फिरत नसलेल्या स्पूलला एक किंमत मोजावी लागते. टोकावरून सुटणाऱ्या प्रत्येक वेटोळ्यामागे दोऱ्याला एक पीळ बसतो. स्पूलचा घेर १४ सेंटीमीटर धरा. ४२ मीटरची फेक म्हणजे ३०० वेटोळी, म्हणजे ३०० पीळ. परत गुंडाळताना वरची तार उलट फिरते आणि हे पीळ निघून जातात. हिशेब बरोबर. मात्र मोठा मासा ओढत असताना, ड्रॅग सुटून स्पूल फिरत असताना, आपण घाबरून हँडल फिरवत राहिलो तर? दोरा आत येत नाही, फक्त पीळ चढत जातो. हँडलच्या एका फेऱ्याला तार पाच वेळा फिरत असेल तर पाच पीळ. अर्ध्या मिनिटात शंभर-दीडशे. आधीच पीळ घातलेल्या दोऱ्याची अशा वेळी पूर्ण वाट लागते. एका दिशेला चढला तर गाठी, उलट दिशेला चढला तर पेड सुटे. या रीळला दिशा नसलेला दोरा हवा होता.

गोफ

दिशा नसलेला दोरा आपल्याकडे होता. त्याला गोफ म्हणतात. गोफणीला गोफ, सोनाराकडे गळ्यातला गोफ आणि अंगणात गोफाचा नाच. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोकं हातात घेऊन निम्मी माणसं डावीकडून आणि निम्मी उजवीकडून फिरतात, एकाला आतून आणि दुसऱ्याला बाहेरून घालत, आणि वर वेणी विणली जाते. मग उलट फिरून ती उलगडतात. गोव्यात शिमग्याला हा नाच होतो, कर्नाटकात याला जडे कोलाट म्हणतात. जडे म्हणजे वेणी.

यंत्राचा माणूस म्हणून सांगतो, गोफ विणायचं यंत्र म्हणजे हुबेहूब हा नाच आहे. माणसांच्या जागी बॉबिन, आणि त्यांच्या पावलांच्या जागी तबकडीतली नागमोडी खाच. निम्म्या बॉबिन डावीकडे, निम्म्या उजवीकडे. असं यंत्र मँचेस्टरच्या थॉमस वॉलफर्डने १७४८ साली पेटंट केलं. बुटाची लेस, परकराची नाडी आणि दिव्याची गोल वात याच घराण्यातल्या. निम्मे पेड डावे आणि निम्मे उजवे, म्हणून एकूण दिशा शून्य. ताणला तरी तो फिरत नाही. रेशमाचे चांगले दोरे असेच विणलेले होते, पण रेशमाचं कुजणं गोफाने थांबत नव्हतं.

तंगूस आणि त्यानंतर

१९३८ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि पुढच्या काही दशकांत रेशीम, ताग, सूत सगळं बाजूला पडलं. एकच सलग तंतू असल्यामुळं वळायचा किंवा विणायचा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे हा दोरा तंगूस नावानं आला. जपानी भाषेत गळाच्या तंतूला तेगुसु म्हणतात. ध्वनीची ही जवळीक शब्दांच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंगूस स्वस्त, पारदर्शक आणि न कुजणारं. दोष म्हणजे ते रबरासारखं वीस-पंचवीस टक्के ताणतं, स्पूलवर राहून वेटोळ्यांचा आकार धरतं आणि पाणी पिऊन थोडं कमजोर होतं.

पुढची पायरी हॉलंडमधली. १९७९ साली डीएसएम कंपनीतल्या पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी पॉलिथिलीनचे अतिशय लांब रेणू द्रावणात सैल करून, मग ओढून एका दिशेला लावण्याची रीत पेटंट केली. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिलीन आणि हे पॉलिथिलीन जातीनं एकच. पिशवीत रेणू पिंजलेल्या कापसासारखे, इथं विंचरलेल्या वाखासारखे. १९९० च्या सुमारास 'डायनिमा' नावानं त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. अमेरिकेत 'स्पेक्ट्रा' हा त्याचाच भाऊ. वजनास वजन धरलं तर पोलादी तारेच्या दहापट ताकद. पाण्यावर तरंगतो, तीन-चार टक्केच ताणतो, कुजत नाही. पण तंतू इतके बारीक की एकटे वापरता येत नाहीत. ते एकत्र धरायला पुन्हा गोफच लागला. बाभळीवरचा माझा चौथा, हिरवा दोरा तो हाच.

निवडताना

आता व्यवहाराचं. माझ्या भाच्याने मरळ धरायला असा दोरा घ्यायचा ठरवलं आणि 'मामा, कोणता घेऊ?' म्हणून विचारलं. त्याला जे सांगितलं ते इथं लिहितो. आधी माझी फजिती मात्र सांगायला हवी.

मी पहिल्यांदा असा दोरा आणला तेव्हा दीडशे मीटर सगळा थेट ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत स्पूलवर भरला. हिडकल धरणाच्या पाण्यावर गेलो, मासा लागला आणि ड्रॅग कितीही आवळला तरी दोरा सुटतच राहिला. घरी येऊन रीळ खोललं, ड्रॅगच्या चकत्या बदलल्या, ग्रीस लावलं. पुन्हा तेच. शेवटी काठावरच्या एका वयस्कर भोई तात्यांना दाखवलं. त्यांनी स्पूल एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने दोरा ओढला आणि हसले.

"सायेब, चाक फिरंनाच झालंय. नाडा घसराय लागलाय चाकावर."

खरंच, गुंडाळलेला सगळा दोरा एका गठ्ठ्यानं स्पूलवर फिरत होता. यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आणि घर्षण कुठं कमी पडतंय ते मोटेचा नाडा पाहिलेल्या माणसानं दाखवलं. पॉलिथिलीन निसरडं. म्हणून पहिला नियम : स्पूलवर आधी थोडं तंगूस भरायचं, त्यावर हा दोरा गाठीनं जोडायचा. पैसेही वाचतात. नऊ किलो ओढणारं तंगूस साधारण ०.३८ मिलिमीटर जाड, तेवढीच ओढ असणारा गोफ ०.१७ च्या आसपास. जाडीच्या वर्गाचा हिशेब केला तर त्याच जागेत पाचपट दोरा मावतो. एवढा कुणाला लागत नाही.

दुसरा नियम नंबरचा. आपल्या मागवाल्यांना सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं हे पाठ असतं. २० पेक्षा ४० बारीक. गोफाच्या जपानी नंबरात उलटं आहे. १ नंबर म्हणजे २०० डेनियर, म्हणजे ९००० मीटरला २०० ग्रॅम, आणि नंबर वाढेल तसा दोरा जाड. डेनियर शहापूरच्या रेशीमवाल्यांना नवा नाही. डब्यावर जाडी काहीही छापलेली असो, वजनावरून ती काढता येते. २०० डेनियर म्हणजे मीटरला सुमारे २२ मिलिग्रॅम, घनता ०.९७, म्हणून सलग धरला तर व्यास ०.१७ मिलिमीटर. १ नंबरच्या डब्यावर ०.१० लिहिलं असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लहान रीळला, मरळ-चिलापीसाठी, १ ते १.५ नंबर पुरतो. दाट शेवाळातून मरळ ओढायची तर २ च्या पुढे जा.

तिसरा पेडांचा. चार पेडांचा गोफ थोडा खडबडीत. प्रत्येक पेड जाड, म्हणून दगडावर घासला तरी जास्त टिकतो, आणि स्वस्त. आठ पेडांचा गोल आणि मऊ, रीळवरून आवाज न करता सुटतो, लांब जातो. पण पेड बारीक असल्यानं काळ्या दगडाच्या धारेवर लवकर उसवतो. वेदगंगा-दूधगंगेच्या दगडी पात्रात चार, धरणाच्या मोकळ्या पाण्यात आठ, असं मी धरून चालतो. विकत घेताना बोटांत धरून दोन्ही बाजूंनी आत ढकलून पाहा. लगेच फुगून पोकळ झाला तर वीण सैल आहे. सैल गोफ रीळवर चपटा होतो आणि गुंततो.

चौथा भरण्याचा. ओल्या फडक्यातून ताण देऊन भरा. सैल भरला तर वरचा पदर खालच्यात रुतून बसतो आणि पुढच्या फेकीला गुंताच बाहेर येतो. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडा. काठीची कडी जुन्या साध्या धातूची असेल तर आत चर पडतायत का बघा. आणि हा दोरा हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं.

तुटायची जागा

पाचवा नियम मी शेवटी ठेवला, कारण तो मला सगळ्यात उशिरा कळला.

नव्या दोऱ्याची जाहिरात एकाच गोष्टीची असते : तुटत नाही. जुन्या भोई लोकांशी बोलताना मात्र उलटं ऐकायला मिळतं. त्याच तात्यांना मी विचारलं होतं की पूर्वी गळाजवळ दोरा बारीक का ठेवायचे.

"तुटायचा तर गळापाशी तुटावा की. समदा दोरा घिऊन मासा गेला, तर दोरा बी गेला आन् मासा बी मेला."

यंत्रात याला आपण फ्यूज म्हणतो. प्रत्येक जोडणीत एक कडी मुद्दाम कमजोर ठेवायची, आणि ती कुठं असावी हे आपण ठरवायचं. नाहीतर ते दगड ठरवतो. मी पहिल्या वर्षी गोफ थेट गळालाच बांधला होता. घटप्रभेच्या काठी एकदा गळ खडकात अडकला. ओढला, सुटेना. शेवटी काठाजवळ जिथं दोरा घासला होता तिथं तुटला, आणि चाळीसेक मीटर पाण्यात राहिला. पैशाचं वाईट वाटलं, बाकी काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याच काठाला खाली एक पाणकावळा मेलेला दिसला. पंख आणि पाय दोऱ्यात बांधल्यासारखे झाले होते. दोरा हिरवा होता. माझाही हिरवाच होता. त्या काठावर हिरवा दोरा टाकणारा मी एकटाच नाही, हे खरं. पण इतिहासाच्या लेखात मी दुसऱ्यांकडून जेवढा पुरावा मागतो, तेवढा स्वतःला सोडवायला माझ्याकडे नव्हता. तिथून काही अंतरावर धूपदाळचा बंधारा आहे, आणि १९७४ पासून तो परिसर पक्षी अभयारण्य आहे. थंडीत लांबून पाहुणे पक्षी तिथं उतरतात.

तागाचा दोरा हरवला असता तर ही गोष्ट घडली नसती असं नाही. पण एक पावसाळा गेला की धोका संपला असता. इथं तो संपत नाही. ताग-रुईच्या काळात दोरा निवडताना किती ओढतो आणि किती टिकतो एवढं पाहिलं तरी पुरत होतं, कारण हरवलेल्या दोऱ्याची विल्हेवाट नदी लावत होती. आता ती आपल्याला लावायची आहे.

म्हणून पाचवा नियम : गोफाच्या टोकाला वाव-दीड वाव तंगूस जोडायचं, आणि ते गोफापेक्षा निम्म्या ताकदीचं. गोफ नऊ किलोचा तर तंगूस चार-पाच किलोचं. दगडावर घासायला तेच पुढं राहतं, माशाला ते दिसत नाही, आणि तुटलं तर हातभर जातं, चाळीस मीटर नाही. गोफाची गाठ निसटते, म्हणून दुहेरी वेढ्याची घाला, पाण्यानं ओली करून आवळा. ड्रॅग तंगूसच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर लावा. बाजारातला लटकता काटा दोऱ्याला लावून ओढला की दीड किलोला सुटला पाहिजे. आणि गळ अडकला तर काठीनं हिसके न देता दोरा एका लाकडाला गुंडाळून सरळ रेषेत ओढा, म्हणजे तो ठरलेल्या जागीच तुटतो.

भाच्याने आठ पेडांचा, दीड नंबरचा घेतला. हिरवा नको म्हणाला, पिवळा घेतला. पाण्यावर लांबून दिसतो, शोधायला बरा पडतो, असं त्याचं म्हणणं. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता मंडळातल्या वाचकांकडे एक मागणं. जुन्या गळाच्या दोऱ्याचा एकही नमुना आपल्याकडे नाही. कुणाच्या माळ्यावर काठीला गुंडाळलेला सुती, तागाचा किंवा रुईचा दोरा असेल, सालीच्या काढ्यात रंगवलेला जाळ्याचा तुकडा असेल, तर टाकून देऊ नका. बैठकीला घेऊन या. रुईचा वाख काढून दोरा वळणारं कुणी हयात माणूस चिकोडी, हुक्केरी, निपाणी, कागल भागात माहीत असेल तर त्याच्याकडून दोन वाव वळून घेऊ. वाइटचे आकडे आपल्याला लटकत्या काट्यावर तपासून पाहता येतील.